लेंटमध्ये नुसतं मटण सोडू नका, शिष्य व्हायला लागा: नव्या लोकांसाठी पायरी-पायरीने

राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, तोंडावर आला की आपल्याकडे प्रश्न ठरलेला, यंदा काय सोडणार? कुणी मटण सोडतं, कुणी दारू, पोरं चॉकलेट नाहीतर इन्स्टाग्राम सोडतात, आणि ईस्टरच्या दुपारी सगळं दुप्पट जोराने परत सुरू. सोडण्यात वाईट काही नाही, मीही सोडते, पण जे नवीन आहेत त्यांना कुणी नीट सांगतच नाही की ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस, म्हणजे लेंट, आहेत कशासाठी. नवीन म्हणजे नुकताच बाप्तिस्मा झालाय, किंवा या ईस्टरला घ्यायचाय, किंवा जन्मापासून ख्रिस्ती पण आजवर मिस्सा म्हणजे आईच्या धाकाने जायची जागा एवढंच. म्हणून हे लिहितेय. मी वसईची, कॅथलिक, त्यामुळे शब्द आणि पद्धती आमच्याकडच्या येणार. नगर-पुणे-नाशिककडच्या सीएनआय, मेथडिस्ट वगैरे प्रोटेस्टंट मंडळींनी फादरच्या जागी पाळक आणि मिस्साच्या जागी उपासना वाचा, बरंचसं जसंच्या तसं चालेल, जिथे चालणार नाही तिथे सांगेन.

आधी शेवटची रात्र बघून घ्या

ईस्टरच्या आदल्या रात्री, शनिवारी, चर्चचे सगळे दिवे बंद करतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लागते आणि तिच्यावरून आपल्या हातातल्या छोट्या मेणबत्त्या. मग वाचनं वगैरे होऊन बाप्तिस्म्याचा भाग येतो आणि फादर सगळ्यांना उभं करून प्रश्न विचारतात. सैतानाला नाकारता का? त्याच्या सगळ्या कामांना? त्याच्या पोकळ दिमाखाला? मग पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का? अख्खं चर्च एका सुरात उत्तर देतं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांचं लक्ष मेणबत्तीचं मेण हातावर पडू नये याच्यावर असतं.

लेंट आहे तो या उत्तरासाठी. सुरुवातीच्या मंडळीत बाप्तिस्मा मुख्यतः ईस्टरच्या रात्री व्हायचा, त्याआधी उमेदवार उपास करायचे, शिकायचे, आणि हळूहळू बाकीची मंडळीही त्यांच्यासोबत उपास धरायला लागली. ३२५ सालच्या बिशपांच्या निकिया परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सहज येतो, म्हणजे तोवर लोकांना ते माहीत होतं.

तर पहिलं काम हे की ते प्रश्न आत्ताच, राखेच्या बुधवारच्या आधीच, फोनमध्ये लिहून घ्या आणि प्रत्येकाखाली प्रामाणिकपणे लिहा की आज 'होय' म्हटलं तर ते कुठे खोटं पडेल. मोठी मोठी पापं शोधत बसू नका. "त्याची कामं" म्हणजे ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद आहे तो विषय असू शकतो, ऑफिसात दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणं असू शकतं, घरकामाच्या बाईला दोन वर्षं पगार न वाढवणं असू शकतं. "पोकळ दिमाख" तर आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये, बँडमध्ये आणि कर्ज काढून घेतलेल्या गाडीत धडधडीत दिसतो. दहा गोष्टी निघतील. त्यातल्या एक किंवा दोन निवडा, ज्या वाचताना पोटात गोळा येतो त्या. यंदाचा तुमचा लेंट त्यांच्याभोवती फिरणार, चॉकलेटभोवती नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढावीशी वाटते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई, पुराणं मुखोद्गत, नंतर अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणणारी, आणि तिला हे बाप्तिस्म्यानंतर उमगलं. तेव्हा तुमचं अजून तसं झालं नसेल तर शरमायचं काही कारण नाही, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

तारखांचं गणित पटकन

ईस्टर दरवर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही येतो, आणि त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. ४६ आणि ४० चा फरक म्हणजे सहा रविवार, ते उपासात धरत नाहीत कारण रविवार हा कायम पुनरुत्थानाचाच दिवस. राखेच्या बुधवारला सुट्टी नसते, त्यामुळे चर्चची सकाळची लवकरची किंवा संध्याकाळची वेळ आधी विचारून ठेवा. राख कुणालाही लावतात, बाप्तिस्मा झालेला नसला तरी चालतं, फक्त कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, रांगेत तेव्हा जायचं नाही. राख असते ती मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली. लावताना "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" किंवा "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा" असं म्हणतात. ती कपाळावर घेऊन लोकलमध्ये चढलात की दोन-चार जण बघतील, बघू द्या, पुसायची गरज नाही, मिरवायचीही नाही.

रोजचं वाचन: मार्क, आणि फक्त मार्क

हौसेने लोक लेंटमध्ये अख्खं बायबल वाचायला घेतात आणि लेवीयच्या पुस्तकात गाडी रुतते. तसं करू नका. मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय, चारातलं सगळ्यात छोटं. चाळीस दिवसांत वाटलं तर दिवसाला साधारण सतरा वचनं येतात, म्हणजे वसई रोड ते भाईंदर एवढ्या वेळात वाचून होतील. कुठलं बायबल? बायबल सोसायटीचं जुनं चालेल, भाषा जरा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घ्या, मराठी वाचणाऱ्या माणसाला ते हातातून ठेववत नाही. फोनवरच्या बायबल ॲपमध्येही मराठी भाषांतरं फुकट आहेत, पण माझं मत विचाराल तर कागदी घ्या, फोन उघडला की आधी व्हॉट्सॲप उघडतं.

मार्कच का, तर शिष्य कसे असतात हे त्याच्याइतकं उघडं कुणी लिहिलेलं नाही. पहिल्याच अध्यायात चार कोळी जाळी टाकून मागे निघतात, ते वाचून आपल्याला वाटतं वा, काय लोक आहेत. आठव्या अध्यायात पेत्र "तू ख्रिस्त आहेस" म्हणतो आणि तिथेच, पानही उलटत नाही तोवर, येशू दुःख सोसण्याचं बोलला म्हणून त्यालाच बाजूला घेऊन दटावायला लागतो, आणि उलट स्वतः चांगला ओरडा खातो. नवव्यात येशू परत मरणाचं सांगतो आणि हे वाटेत भांडतात की आपल्यात मोठा कोण. दहाव्यात तिसऱ्यांदा सांगतो आणि याकोब-योहान येऊन विचारतात, तुझ्या उजव्या-डाव्या हाताची जागा आम्हाला दे. तीन वेळा मरणाची गोष्ट, तीन वेळा यांचं खुर्चीवर लक्ष. चौदाव्या अध्यायात अटक होते आणि सगळेच्या सगळे पळतात, एक तरुण तर अंगावरचं वस्त्र पकडणाऱ्याच्या हातात सोडून उघडा पळतो, आणि पेत्र अंगणात शेकोटीपाशी "मी या माणसाला ओळखत नाही" म्हणतो.

आणि मग सोळाव्या अध्यायात रिकाम्या कबरीपाशी एक वेगळाच तरुण बायांना सांगतो, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. "आणि पेत्राला". एवढ्या दोन शब्दांसाठी मी दरवर्षी मार्क वाचते. शिष्यपण काय असतं हे समजून घ्यायला ही माणसं पुरे आहेत, त्यांना काहीच धड कळत नव्हतं, तरी ती मागे चालत राहिली, पळाली तरी परत बोलावली गेली.

वाचायची पद्धत सोपी ठेवा. एकदा वाचा, परत एकदा सावकाश वाचा, कुठल्या शब्दापाशी अडलात ते बघा, त्या शब्दावरून देवाशी दोन वाक्यं बोला, मग एक-दोन मिनिटं गप्प बसा. मठांमधून शेकडो वर्षं हीच पद्धत चालत आलीय, मोठं लॅटिन नाव आहे तिला, नाव माहीत नसलं तरी काही अडत नाही. वही ठेवत असाल तर दिवसाला एकच ओळ लिहा. पानं भरायला लागलात की आठव्या दिवशी वही बंद पडते, हे मी आमच्या ग्रुपमध्ये इतक्यांदा पाहिलंय.

उपास

"एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या शेजाऱ्यांपुरतीच आहे असं समजू नका. शुक्रवारी मांस नाही म्हणून पापलेट आणि सुरमईचा बेत करणारी घरं वसईत पैशाला पासरी आहेत, आणि नियमाने बघितलं तर चूक काहीच नाही, मासे चालतात. पण कोंबडीच्या दुप्पट भावाचं पापलेट तळून आज आमचा त्याग आहे म्हणायचं, तर देवालाही हसू येत असेल.

नियम आधी सांगते. कॅथलिकांसाठी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपासाचे, वय १८ ते ५९, म्हणजे एक वेळ पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसं, जे दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. मांसवर्ज्य वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून, या दोन दिवशी आणि लेंटच्या सगळ्या शुक्रवारी. डायबेटिस असेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, आजारी असाल तर तुम्हाला सूट आहे, गोळ्या घेऊन उपाशी राहण्यात पुण्य नाही. प्रोटेस्टंट मंडळीत असा लेखी नियम बहुतेक ठिकाणी नसतो, ज्याने त्याने ठरवायचं असतं, आणि काही मंडळ्या लेंट पाळतच नाहीत. त्यावरून वाद घालू नका.

आता नियमाच्या पुढचं. वर जी एक-दोन गोष्टींची यादी केलीत ना, उपास तिला जोडा. दिमाख हा विषय असेल तर चाळीस दिवस नवीन काही विकत घ्यायचं नाही, कपडे नाही, फोनचं कव्हरसुद्धा नाही. जीभ हा विषय असेल तर जेवताना कुणाची उणीदुणी काढायची नाहीत, आणि हे मटणापेक्षा दहापट कठीण आहे, करून बघा. रागासाठी मला एक उपाय चांगला वाटतो, रात्री नऊनंतर फॅमिली ग्रुपवर उत्तर द्यायचंच नाही. यशयाचा ५८ वा अध्याय एकदा वाचून घ्या, तिथे देव स्पष्ट सांगतो की मला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकरी देणं, आणि उपासाच्या दिवशी कामगारांना पिळून घेणाऱ्यांना तो चांगलंच सुनावतो.

आणि जाहीर करू नका. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. स्टेटसला "डे १२" टाकलात तर त्याच्याच शब्दांत सांगायचं तर तुम्हाला तुमचं फळ मिळून चुकलं, लाइक्सच्या रूपात. घरच्यांना मात्र सांगा, नाहीतर आई बिचारी तुमच्यासाठी रस्सा करून बसायची.

दान, म्हणजे वाचलेल्या पैशाचं काय केलं

बाहेरचं खाणं बंद केलं आणि ते पैसे खात्यातच पडून राहिले तर ती बचत झाली. एक डबा ठेवा, जे वाचेल ते त्याच दिवशी त्यात टाका, यूपीआयवाले असाल तर वेगळ्या खात्यात टाका. चर्चमध्ये लेंटची वर्गणी असते, कॅरिटास इंडियाची भूक आणि रोगाविरुद्धची मोहीम दरवर्षी याच काळात चालते, तिथे द्या. बऱ्याच चर्चमध्ये एसव्हीपी म्हणजे संत व्हिन्सेंट दी पॉलच्या नावाची संस्था असते, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेली, तिची माणसं आठवड्याला गरीब घरांना भेटी देतात. त्यांना सांगा मला एका भेटीला सोबत न्या. पैसे देणं सोपं आहे, कुणाच्या घरी चटईवर बसून अर्धा तास ऐकून घेणं कठीण, आणि माणूस बदलतो तो तिथे. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात नुसती देणगी पाठवली असती तरी कुणी नावं ठेवली नसती, त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या मुक्ती या त्यांच्या आश्रमाची गोष्ट तिथून वाढत गेली.

आपल्याकडे दानाच्याच रांगेत आणखी एक गोष्ट ठेवावी लागते, जात. बाप्तिस्मा होऊनही ती जात नाही, चर्चमध्ये कोण कुठे बसतं आणि सोयरिकीच्या बोलण्यात काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे. ना. वा. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की आधी त्यांचा सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातीचा कल्पनाडोलारा मोडला, बाप्तिस्मा नंतर आला. आपण पुष्कळ जण उलट्या क्रमाने निघालोय, बाप्तिस्मा आधी झाला आणि ते दुसरं अजून बाकी आहे. यादीत हे आलं असेल तर या लेंटमध्ये ज्या घरी आजवर पाणी प्यायला नाही तिथे जेवायला जा, किंवा त्यांना बोलवा. इतकंच, भाषण नको.

रात्रीची दहा मिनिटं

संत इग्नेशियसने शिकवलेली ही पद्धत आहे, फार जुनी आणि नव्या माणसाला चटकन जमणारी. झोपायच्या आधी आजच्या दिवसातल्या कशाकशासाठी आभार मानावेत ते बघा, मग देवाकडे उजेड मागा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यापुढून जाऊ द्या, कुठे चांगलं वागलात कुठे घसरलात ते बघा, घसरलात तिथे क्षमा मागा, आणि उद्याची एक अडचण आधीच देवाच्या हाती द्या. यादीतल्या गोष्टीकडे जरा जास्त लक्ष. अंथरुणात आडवं पडून करू नका, तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागाल, खुर्चीत बसा.

सोबती शोधा

हे आधी सांगायला हवं होतं कदाचित, कारण एकट्याने शिष्यपण जमलेलं मी तरी कुणाचं पाहिलं नाही. येशूने शिष्यांना पाठवलं तेही दोघा-दोघांना, मार्कच्या सहाव्यात आहे. एक माणूस निवडा, शक्यतो नवरा-बायको सोडून, कारण घरात जबाब मागणं आणि भांडण यात फार अंतर नसतं. गॉडफादर-गॉडमदर जवळ राहत असतील तर उत्तम, त्यांचं कामच ते आहे, नुसतं नाताळला पाकीट देण्यापुरतं नाही. नाहीतर एससीसीमधलं, म्हणजे चर्चच्या वस्तीतल्या छोट्या गटातलं, आळीतलं कुणी. आठवड्यातून एकदा, फोनवर चालेल, तीन प्रश्न एकमेकांना विचारा: वाचलंस का, ठरवलेलं जमलं का, कुणासाठी प्रार्थना करू. पंधरा मिनिटांत संपवा. उपदेश करायचा मोह होईल, तो गिळा.

ज्यांना या ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचाय त्यांच्यासाठी चर्चचा वेगळा कार्यक्रम असतो, लेंटच्या पहिल्या रविवारच्या सुमारास बिशपांसमोर नावं जातात आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी तुमच्यासाठी खास प्रार्थना होतात. त्या रविवारी विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजरस ही योहानातली तीन वाचनं असतात, ती घरी आधी वाचून या. बाप्तिस्म्याच्या वर्गाला उशीर झाला असेल आणि फादर म्हणाले की पुढच्या वर्षी, तर रागावू नका, एक वर्ष जास्त मिळणं हे नुकसान नाही.

कन्फेशनची भीती

नवीन लोक सगळ्यात जास्त याला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, घाबरतात आणि जुने लोक सगळ्यात जास्त हेच टाळतात. बाप्तिस्मा झाला नसेल तर हा संस्कार अजून तुमच्यासाठी नाही, फादरशी नुसतं बोलून या, मन हलकं होतं. झाला असेल तर पवित्र आठवड्याची वाट बघू नका, तेव्हा रांग गेटपर्यंत असते आणि फादर थकलेले. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास जा. आत गेल्यावर सांगा की शेवटचं कन्फेशन कधी केलं होतं, आठवत नसेल तर तसं सांगा, पहिलंच असेल तर ते सांगा, फादर हात धरून पुढे नेतात. पापं नाव घेऊन सांगा, गोष्ट सांगत बसू नका, आणि दुसऱ्याची पापं तर अजिबात नको, "सासूमुळे मला राग येतो" यात कबुली सासूची होते. फादर प्रायश्चित्त देतील, पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर चिठ्ठीवरून वाचा, कुणी हसत नाही. ते ऐकलेलं कुणालाही, पोलिसालाही, सांगू शकत नाहीत, त्या बाबतीत चर्चचा नियम अगदी कडक आहे.

तरीही एक गोष्ट कन्फेशनने होत नाही. चुलतभावाशी अबोला असेल तर क्षमा देवाने केली, पण फोन तुम्हालाच करायचाय.

शुक्रवारची क्रुसाची वाट, आणि घसरलात तर

लेंटच्या शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग दाखवणाऱ्या भिंतीवरच्या १४ स्थानांपुढे थांबत जायचं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून "हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो" म्हणायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. नवीन माणसाला पहिल्यांदा लांबण वाटते, म्हणून एक युक्ती सांगते, सगळ्या चौदा ठिकाणी लक्ष लावायचा हट्ट करू नका, आज एकच निवडा. पाचव्या स्थानावरचा शिमोन मला फार जवळचा वाटतो, शेतावरून येणारा माणूस, त्याला कुणी विचारलंही नाही, धरून क्रूस खांद्यावर दिला, आणि मार्क त्याच्या मुलांची नावंसुद्धा सांगतो, अलेक्झांडर आणि रूफस, म्हणजे पुढे त्या घराला मंडळी ओळखत असणार. ठरवून नाही तर असंच रस्त्यात पकडून शिष्य झालेले पुष्कळ असतात.

तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर येशू पडतो. लेंटच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुमचाही संकल्प पडणार हे धरून चाला, ऑफिसची पार्टी येते, परीक्षा येते, शिमगा येतो आणि मित्र हाताला धरून ओढतात. एक दिवस मोडला म्हणून सगळंच सोडून देणं आणि मग पुढच्या वर्षी बघू म्हणणं, नव्या लोकांचा लेंट बहुतेक इथेच मरतो. मोडला त्याच रात्री दहा मिनिटांच्या बैठकीत सांगून टाका आणि सकाळी परत सुरू करा, राहिलेले दिवस भरून काढायला दुप्पट काही करू नका. आणि रविवारी मोकळे राहा, गोड खा, चौथा रविवार तर आनंदाचाच धरतात, काही चर्चमध्ये त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं दिसतील.

पवित्र आठवडा

जमल्यास रजा आधीच टाकून ठेवा, गुड फ्रायडेची सुट्टी बहुतेक ठिकाणी असते, गुरुवार-शनिवारची नसते. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, मिळालेली झावळी घरी क्रुसामागे ठेवा. गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी आणि मग रात्री उशिरापर्यंत आराधना, मुंबईत त्या रात्री लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये फिरतात, तुम्ही एकाच ठिकाणी तासभर बसलात तरी भरपूर. शुक्रवारी मिस्सा नसतोच, दुपारी योहानातलं दुःखसहन वाचतात, क्रुसाला वंदन होतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते, सात वक्ते एकेका उद्गारावर बोलतात, एखाद वर्षी तिथे जाऊन या, मराठी ख्रिस्ती भजनं त्यांच्याकडे जशी म्हणतात तशी आमच्याकडे क्वचितच ऐकू येतात.

शनिवारी दिवसभर काही नसतं. घरात त्या दिवशी साफसफाई आणि मिठाईचीच धांदल असते, पण अर्धा तास काढून लेंटच्या आधी केलेली ती फोनमधली यादी उघडा. काही ठिकाणी आता 'होय' खरं निघेल, काही ठिकाणी नाही निघणार. जिथे निघत नाही तिथेही रात्री 'होय' म्हणायचंच, पण मनात देवाला सांगून की हे अजून व्हायचंय, माझ्याने एकट्याने होत नाहीये. रात्रीचा विधी लांब असतो, लहान मुलं असतील तर दुपारी झोपवून घ्या, आणि मेणबत्तीला कागदाचा कप लावा.

ईस्टरनंतर

लेंट चाळीस दिवस आणि ईस्टरचा काळ पन्नास, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, म्हणजे चर्चच्या हिशेबात आनंद जास्त दिवसांचा आहे. उपास संपला, मटण खा, मनापासून खा. रोजचं वाचन, रात्रीची दहा मिनिटं आणि सोबत्याचा फोन या तिघांपैकी निदान एक चालू ठेवा, तिन्ही ठेवायला गेलात तर मेच्या सुट्टीत तिन्ही जातील. माझं मत विचाराल तर फोन ठेवा, तो राहिला की बाकीचे दोन पाठोपाठ येतात. डब्यातले पैसे ज्या घरी दिलेत तिथे सणाचं गोड घेऊन जा. आणि मार्क संपला असेल तर प्रेषितांची कृत्ये उघडा, २८ अध्याय आहेत, दोन दिवसांत एक वाचलात तर पेंटेकॉस्टच्या जवळपास संपतात, दोन-तीन अध्याय मागे राहिलेच तर सोबत्याला घेऊन एका बैठकीत वाचून टाका.